बाबागाडीमागची फळी

उभं राहायची फळी हवी की बसायची खुर्ची, असं दुकानाच्या मालकीण वरलक्ष्मीबाईंनी तमिळमध्ये विचारलं आणि दोन्ही वस्तू काउंटरवर मांडल्या. तीन वर्षांच्या विनुतानं दोन्हींवर एकेक हात ठेवून प्रश्न निकालात काढला.

विनुताच्या आईला, सुप्रभाला, हसू आवरेना. सकाळपासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. बाळंतपणासाठी त्रिचीहून तंजावरला, माहेरी, येताना विनुताची बाबागाडी तिनं सोबत आणली होती. आता त्या गाडीत बाळ झोपायचं आणि गाडीची जुनी मालकीण दांडा धरून भोकाड पसरायची. गाडीला मागून काही जोडलं की बाळ पुढे, विनुता मागे, आणि गल्लीला शांतता.

पण घोडं पेंड खात होतं ते विनुतापाशी नव्हे, कनकलतेपाशी. सुप्रभाची आई एरवी रोज संध्याकाळी मोठ्या देवळाच्या पटांगणात फेऱ्या मारल्याशिवाय जेवत नसे. तिरुवैयारूला बहिणीकडे काही महिने राहून आली, तेव्हापासून मात्र तिनं उंबरा ओलांडला नव्हता. विचारलं की म्हणायची, "इथे पोरं कडेवर वाढतात. मी गाडी ढकलत निघाले तर आपली सगळी मेलवीथी गल्ली बघत राहील." वर विनुताचं निमित्त होतंच. एक गाडीत, एक पायी रडणारी, कशी सांभाळायची?

सुप्रभाचा नवरा भरद्वाज जहाजावर होता. तो येईपर्यंत ती इथेच राहणार होती आणि लवकरच तिचं ऑफिसचं काम घरून सुरू होणार होतं. मग संध्याकाळी दोघांना फिरवणार कनकलताच. आई अशीच चार भिंतींत सुकत जाईल, ही सुप्रभाला धास्ती होती. आज फळी मिळाली की निदान एक निमित्त तरी संपणार होतं.

येताना कनकलतेनं अट घातली होती. ऑटो दुकानाच्या दारापर्यंत, आणि त्याच ऑटोनं परत. एवढ्या उकाड्यातही डोक्याला रुमाल बांधून, वर पदर ओढून ती बाळाला मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती.

सुप्रभानं शेजारच्या दुकानातून थंडगार रोझमिल्क मागवलं आणि एका दमात अर्धा ग्लास संपवला. वरलक्ष्मीबाईंनी कपाळाला हात लावला. ओल्या अंगाच्या बाईनं बर्फ प्यायचा? आमच्या वेळी लसणाच्या रसमाशिवाय काही मिळत नसे, असं त्यांनी सुनावलं. लसणाचं रसम रोज पहाटे मीच करते, सुप्रभा हसत म्हणाली आणि उरलेला ग्लासही संपवला. मग वरलक्ष्मीबाईंनी मोर्चा कनकलतेकडे वळवला. पोरगी माहेरी आली ती चुलीशी उभी राहायला का? कनकलता बाळाचं टोपडं नीट करत राहिली.

मग गाडीची परीक्षा सुरू झाली. खुर्ची जोडली, तर ती ढकलणाऱ्याच्या पोटात रुतत होती. फळी जोडून सुप्रभानं फेरी मारली, झकास जमलं. पण तिच्या अंगात चुडीदार. बाळाला गाडीत निजवून कनकलतेनं दांडा धरला आणि चार पावलांत तिच्या निऱ्या फळीच्या चाकात गेल्या.

मुलीलाच ढकलू द्या की, वरलक्ष्मीबाई म्हणाल्या. सुप्रभानं ठाम मान हलवली. ढकलणार आईच, तेव्हा जमायला हवं ते आईच्या साडीला.

शेवटी आतून एक लांब दांड्याची फळी आली. ती एका बाजूला सरकत होती, त्यामुळे निऱ्यांना मोकळी वाट. विनुता चढली, तिनं घट्ट धरलं, आणि कनकलता गाडी घेऊन पार दारापर्यंत जाऊन वळून आली. येताना ती चक्क हसत होती. सुप्रभाला वाटलं, उठून आईला मिठीच मारावी.

वरलक्ष्मीबाईंनी विनुताचा गालगुच्चा घेतला. तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, आवडतो ना?

"तंबी नाही," विनुता भुवया आवळून म्हणाली.

थोरलं लेकरू जळायचंच, घरोघरी हेच, असं म्हणत बाई हसल्या. विनुता आणखी काही बोलणार, तोच कनकलतेनं पिशवीतून कडलैमिठाई काढून तिच्या तोंडात घातली. शेंगदाण्यांच्या वडीपुढे विनुताचं काही चालत नसे.

बाहेर आल्यावर कनकलता पायरीवरच थबकली. "ऑटो कोठे गेली?"

"पाठवली," सुप्रभा म्हणाली. "चल, आई. किती दिवस लपशील?"

कनकलता रागावली नाही. बाळानं तिचं बोट मुठीत धरलं होतं. ते सोडवून तिनं हात दांड्यावर ठेवले आणि गाडी रस्त्यावर घेतली.

फुलवालीपाशीच कमलाक्षीबाई भेटल्या. निम्म्या गल्लीला शिकवलेल्या निवृत्त बाई, आणि कनकलता सगळ्यांत जास्त कोणाला टाळत असेल तर यांना.

"कनका, किती महिन्यांनी दिसलीस. लेकीचं बाळंतपण म्हणजे उसंत कोठली, म्हणा." बाई गाडीवर वाकल्या. "बघू तरी नातू. विनुता, तुझा तंबी वाटतं हा?"

"तंबी नाही," विनुता म्हणाली आणि सवयीनं मिठाईसाठी आ करून आज्जीकडे बघत राहिली.

कनकलतेचा हात पिशवीकडे गेला. पण हात पिशवीपर्यंत पोचला नाही. तो वर गेला आणि त्यानं डोक्यावरचा पदर मागे सारला.

"सांग की, विनुता," कनकलता म्हणाली. "आज्जीचा मुलगा, माझा मामा, म्हणून सांग."