कमरपट्ट्यातले सहा सेल

विठोजीरावांच्या कृत्रिम हृदयाला वीज देणारे कमरपट्ट्यातले सहा सेल कंपनीच्या नियमाने सकाळीच बंद पडायला हवे होते. दुपारी निरीक्षक आला, तेव्हा विठोजीराव अंगणात द्वारकाबाईंशेजारी शेंगा सोलत बसले होते.

“काकू, सेलची मुदत संपली. मुदतीला सेल बंद पाडणारं कुलपाचं सर्किट कुणी काढलं?”

“मी.” द्वारकाबाईंनी सेलला मीटर लावला. “चार व्होल्ट. आत गुंडाळलेले सगळे पदर शाबूत आहेत. मुदत तुमच्या कागदाची संपली.”

“हा गुन्हा आहे. पट्टा जप्त करावा लागेल.”

द्वारकाबाईंनी पक्कड पुढे केली. “मग तुमच्या हातानं सोडवा.”

“हळू हं साहेब,” विठोजीराव म्हणाले, “गुदगुल्या होतात मला.”

निरीक्षकाचा हात पुढे आलाच नाही. ओसरीवर आपापले कमरपट्टे सावरत बसलेल्या माणसांकडे द्वारकाबाईंनी पाहिले.

“पुढचा पट्टा कोणाचा?”