मोकळा सायलेंसर

मोटारसायकलच्या सायलेंसरचा मागचा बोल्ट गंजून पक्का बसला होता. बद्रीनाथनं त्यावर रॉकेल सोडलं, पाना लावला आणि अंगाचा भार दिला. तिसऱ्या झटक्याला बोल्ट फिरला.

"आई, अजून विचार कर," तो म्हणाला. "चांगल्या गाडीचं वाटोळं करायला लावतीस."

"मला ऐकू आलं पाहिजे," उंबऱ्यावर बसलेल्या आवडाबाई म्हणाल्या. "गाडी दारात येऊन उभी राहती तरी मला पत्ता नसतो. कान गेलेत माझे."

रविवारची सकाळ होती. शहागंजच्या मागच्या बोळात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढं गाडी उभी राहील एवढं अंगण. बद्रीनाथ शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनवर होता. रोज जालना रोडनं जाऊन संध्याकाळी परत यायचा. वडील लहानपणीच गेले, आवडाबाईंनी शिवणकाम करून त्याला वाढवलं. आईचा शब्द तो सहसा मोडत नसे.

आशा फडकं घेऊन बाहेर आली. तिला सातवा महिना लागला होता. फडकं नवऱ्याच्या हाताजवळ ठेवून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"आशा मोरीत पडली तवापासून तुला सगळ्याचीच भीती वाटायलीय," बद्रीनाथ म्हणाला.

"व्हय," आवडाबाई म्हणाल्या. "वाटती."

"आणि पोटातल्या लेकराला तरास झाला म्हंजे? लई आवाज होईल."

आवडाबाईंनी सुनेकडं पाहिलं. आशा म्हणाली, "मला चालतंय."

त्यानं मागचं झाकण काढलं आणि पकडीनं आतली नळी ओढली. आवाज दाबण्यासाठी कंपनीनं बसवलेली ती नळी काजळीनं काळी झाली होती. नळी बाजूला ठेवून त्यानं गाडी सुरू केली. नुसता फाटका, तडतडणारा आवाज निघाला. बद्रीनाथला तो आवडला नाही.

"अशानं इंजिन बी खराब व्हायचं," म्हणत तो शेजारच्या करीमभाईंकडून ड्रिल घेऊन आला. करीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यानं नळी विटांवर धरून तिला दोन रांगांत भोकं पाडली, घासून साफ केली आणि परत आत बसवली. आता आवाज भरदार आला, छातीत घुमणारा. त्याला स्वतःलाच बरं वाटलं.

"मोठ्या रस्त्यावरून एक चक्कर मारून ये," आवडाबाई म्हणाल्या.

तो गेला आणि आला. आवडाबाई ओठ हलवत बसल्या होत्या.

"चाळीस," त्या म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीपाशी आलास तवा कुठं कळलं. तिथून दारात येईस्तोवर चाळीस मोजून होतात. अजून थोडा मोकळा कर."

"किती पाहिजेत?"

"साठ तरी."

बद्रीनाथ हसला. पण त्याला आत कुठंतरी भरून आलं. म्हातारी आपली वाट पाहताना आकडे मोजते, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं नळी पुन्हा काढली आणि भोकं मोठी केली. या खेपेला मोठ्या रस्त्याच्या वळणापासूनच आवाज आला.

"आता बास," आवडाबाई म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसून आत गेल्या.

बोळात कुरकुर झाली. दोघं-तिघं सांगायलाही आले. करीमभाईंची बायको अख्तरी त्यांना आपल्याच दारातून परत पाठवायची. "म्हातारीका जीव है, राहू द्या," म्हणायची. कारखान्यातही बद्रीनाथ कौतुकानं सांगायचा, आईसाठी केलंय म्हणून.

आठवडा तसाच गेला. संध्याकाळी वळणावर आवाज आला की आवडाबाई हातातलं काम थांबवायच्या. आवाज एकसारखा जवळ येत राहिला की म्हणायच्या, "नीट हाय." मग आशा चहाचं आधण ठेवायची.

शनिवारी दिवस कलायच्या सुमाराला त्या मेथी निवडत बसल्या होत्या. आशा कपड्यांच्या घड्या घालत होती. वळणावर गाडी आली. आवाज एकदम चढला, पडला, पुन्हा कारण नसताना चढला. मधेच गाडी बंद पडली. मग किक मारल्याचं आणि नुसतं रेस करत राहिल्याचं ऐकू आलं.

आवडाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"ऊठ, आशा," त्या म्हणाल्या. "आज पिऊन आलाय."

आशा उठली. हातातली घडी तिनं तशीच टाकली.

"मागच्या दारानं जा. पळू नको, पोटाला जप. तो अजून लांब हाय."

आशा पोटाखाली हात धरून मागच्या अंगणातून गेली. आवडाबाई मागच्या दाराशीच उभ्या राहिल्या. गाडी टाकीपाशी आली होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून अख्तरी अगदी हळू, कुजबुजल्यासारखं म्हणाली, "पोचली, मावशी."

ते ऐकून आवडाबाईंनी मागच्या दाराला कडी घातली, आणि लेकाला दार उघडायला पुढं गेल्या.