पालथा स्कोन

मॉरव्हेनने ओव्हनमधून ट्रे काढला, मनुकांचा एक स्कोन, छोटा गोल पाव, उचलून ओट्यावर पालथा ठेवला आणि बुडावर बोटाने टकटक केलं. एल्स्पेथने पिठाच्या हातानेच तो सुलटा केला.

"मघाशीच सांगितलं होतं. तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

"भाजलाय का ते बघत होते, सासूबाई. आमच्या शेतावर असंच बघतात."

"तुमची शेतं बुडत नाहीत. इथे पाव पालथा ठेवला की बोट पालथी होते."

मॉरव्हेनला हसू आलं. "आणि बोटीला कळतं कसं, इथे कोण काय पालथं घालतंय ते?"

"कळतं तिला," एल्स्पेथ म्हणाली आणि पुन्हा परातीकडे वळली.

बोटीवर दोघंही होते, एल्स्पेथचा नवरा वॉटी आणि मुलगा गेविन. सकाळीच यायचे होते ते. आता दुपार कलली होती, आणि वारा असा सुटला होता की खिडकीची काच थरथरत होती. वादळ आलं की या गल्लीत घरोघरी ओव्हन लागतात. नवरे समुद्रावर असताना बायकांनी हातांना काम तरी काय द्यायचं? मॉरव्हेन लग्न होऊन इथे आली त्याला वर्षही झालं नव्हतं. हे असलं बसून राहणं तिला नवं होतं.

मनुकांचे गेविनसाठी झाले. वॉटीला गोडाचं वावडं, म्हणून एल्स्पेथ चीजचे करायला बसली होती. थंडगार लोणी पिठात बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं झालं की थांबायचं, हे तिनेच सुनेला शिकवलं होतं. पण आज तिचे हात थांबतच नव्हते.

"सासूबाई, लोणी वितळलं."

"हं," एल्स्पेथ म्हणाली, आणि चोळतच राहिली.

मॉरव्हेनने तिच्या पुढ्यातून परात ओढून घेतली, चीज घातलं, ताक ओतलं, गोळा करून साच्याने गोल कापले आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. मग तिने पुन्हा मोबाइल पाहिला. नकाशावर बोटीचा ठिपका होता तिथेच होता.

"हलत नाहीये. पण दिसतोय तरी," ती म्हणाली.

"दिसणं निराळं आणि धक्क्याला लागणं निराळं. बंदराच्या तोंडाशीच खरी मेख असते."

मन चिंती ते वैरीही न चिंती म्हणतात, ते काही खोटं नाही.

चीजचा वास सुटला, मॉरव्हेनने ट्रे बाहेर काढला, आणि नेमका तेव्हाच बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. ती तिकडे वळली. ट्रे कलंडला आणि सगळे स्कोन फरशीवर घरंगळले, काही सुलटे, काही पालथे.

एल्स्पेथ फोनपाशी गेली खरी, पण उचलवेना. ॲप्रनला हात पुसत उभी राहिली. शेवटी एकदाचा तिने कानाला लावला. "हो," ती म्हणाली. "हो. बरं. दोघंही?" मग ठेवला.

"बंदराबाहेर आहेत. इंजिन बंद पडलंय, बचावपथकाची लाइफबोट ओढून आणतेय. धडधाकट आहेत दोघंही." ती तिथूनच म्हणाली. आत येऊन बघते तो मॉरव्हेन गुडघ्यांवर बसलेली, फडकं न घेताच एकेक गरम स्कोन सुलटा करत होती. बोटं लाल झाली होती.

"अगं, राहू दे ते. ऊठ. दिसली बोट."

"दिसली. लागली नाही अजून," मॉरव्हेन म्हणाली. "एक कपाटाखाली गेलाय. हात पोचत नाही."

एल्स्पेथने कोपऱ्यातला झाडू आणून तिच्या हातात दिला.

"हळू ओढ," ती म्हणाली. "सुलटा पडला असेल तर पालथा करशील."