घटाची माती

बोराटीच्या काटेरी फांद्या ओढून विठाबाईनं वावराची वाट बंद केली आणि ती बांधावर उभी राहिली. आज घट बसायचे. आता कवठे येमाईतल्या बायका माती मागायला येणार. गावातले घट विठाबाईच्या मळ्यातल्या मातीतच बसायचे, ही तिच्या सासूपासूनची रीत. त्या मातीत गहू असा तरारून यायचा, की माहेरवाशिणीसुद्धा पिशवीभर घेऊन जायच्या. विठाबाईला त्याचा केवढा तोरा! लेकीच्या लग्नातही ती एवढी मिरवली नसेल. आणि आज त्याच मातीला ती कुणाला हात लावू देणार नव्हती.

मागं शेवंती फुलली होती. दिसायला बरी. पण दोन बोटांनी ओढलं तरी झाड अलगद हातात यायचं, मुळांना धरायला माती उरलीच नव्हती. सगळा चहाच्या पुडीसारखा भुगा. पाणी सोडावं तर कुठं गडप व्हायचं कळत नसे. वारा पडलेला असताना सरीत अंथरलेलं उसाचं पाचट आपलं आपण सळसळायचं. ते उचललं, की खाली गांडुळं सापासारखी उसळायची. धरावं तर शेपूट हातात सोडून पळायची. बगळेही मळ्यात उतरेनासे झाले होते. भर दुपारी विठाबाईला तिथं जायचं भ्या वाटायचं. स्वतःच्या वावरात!

यंदाच्या पावसाळ्यात हे ध्यानात आलं. तिच्या लेकानं, सुदर्शननं, माती तपासून आणली. "आये, ही गांडुळं आपल्याकडची न्हाईत," तो म्हणाला. "दोन वर्सांमागं शेवंतीची रोपं लांबनं आणली, त्यांच्या मुळांतनं आली. मातीचा भुगा हीच करत्यात, आन् त्यांची अंडी मातीतनं पसरत्यात. ह्याला औषध न्हाई. ढेकूळभर माती बी बांधाभाईर जाऊ देऊ नगंस. आपलं गेलं ते गेलं, गाव तरी वाचंल."

गाव वाचलं पाहिजे, एवढंच मनात धरून ती उभी होती.

बायका आल्या. पुढं शेजारच्या मळ्यातली सून प्रतिभा. दरसालच्या पिशव्यांऐवजी यंदा सगळ्यांच्या डोक्यावर घमेली होती.

"माती मिळायची न्हाई गं," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. घटाच्या मातीला आजवर तिनं कुणाला नाही म्हटलं नव्हतं. "वावर बिघडलंय माझं. तुमचं तरी नीट ऱ्हाऊ द्या."

बायका चिडतील असं तिला वाटलं होतं. पण एकेकीनं डोक्यावरचं घमेलं खाली उतरवलं.

"मावशी," प्रतिभानं हळूच विचारलं, "तुमच्यात बी पाचट सळसळतं? वारा नसताना?"

विठाबाईचे डोळे जागच्या जागी सुकले. "तुला गं काय ठावं?"

"आमच्यात बी तसंच हाय. समद्यांच्याच वावरात. म्हनून तर ह्या खेपेला घमेली आणली. म्हटलं, तुमची चांगली माती टाकली की वावर सुधारंल."

"कवापास्नं गं?"

"गेल्या दसऱ्याला घट उठले, आन् रीतीपरमानं आम्ही तुमची माती आपापल्या वावरात टाकली... तवापास्नंच."