बिनसाखरेचा कोपरा

सायकल क्लबात सगळे त्याला कॅप्टन म्हणत. त्या दिवशी क्लबातले मित्र त्याच्या घरी जेवायला आले होते. शेवटी बायकोने सफरचंदाचं क्रम्बल आणलं. खाली मऊ भाजलेल्या फोडी आणि वर लोणी, पीठ, साखर हाताने चुरून केलेला खुसखुशीत थर. प्रत्येकाची वाटी तिने स्वतः भरली.

पहिल्याच घासाला कॅप्टनने तोंड वाकडं केलं. “अगं, वरच्या चुऱ्यात साखर घालतात! हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.”

सगळे हसले. एक मित्र म्हणाला, “माझं तर छान गोड आहे की, वहिनी.”

“एका कोपऱ्याला साखर घालायची राहिली वाटतं. चुकलंच माझं,” असं घाईघाईने म्हणत ती भांडी उचलून आत गेली.

कॅप्टनला आणखीच चेव चढला. तिच्या वेंधळेपणाचे दोन किस्से रंगवून सांगून झाल्यावर तो गोड वाटी मागायला स्वयंपाकघरात आला.

ती हळू आवाजात म्हणाली, “तुझा कोपरा मी मुद्दाम वेगळा केला होता. डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना तुझं? आणि मित्रांना कळता कामा नये, असं तूच बजावलं होतंस. मग त्यांच्यासमोर काय सांगू?”

कॅप्टनचे कान तापले. बाहेर अजून त्याच्याच किश्शांवर हसणं चाललं होतं. तो तसाच परत आला, पण त्याला कुणाकडे बघवेना.

“ती साखर विसरली नव्हती,” तो म्हणाला. “मधुमेह मला झालाय आणि बोलणी ती खातेय.”