हार घातलेला फोटो

मागच्या महिन्यात धनेश टीव्ही मालिकेत वारला. पण करारापुरतं तसं काही झालंच नाही असं धरून चालू. निर्मातासुद्धा तसंच धरून चाललाय.

तेव्हापासून धनेशचा हार घातलेला फोटो रोज काम करतो आणि धनेश वाकडला घरी बसतो. परवा चाकणच्या एका कंपनीने त्याला वार्षिक कार्यक्रमात नाचायला आणि निवेदनाला बोलावलं.

निर्माता म्हणाला, "नाही जमणार, भावा. तुझी मालिकेतली बायको रोज फोटोसमोर रडते. तू नाचताना लोकांच्या मोबाइलवर दिसलास, तर ती कुठल्या तोंडाने रडणार? तिचं रडणं संपेपर्यंत तू करारात आहेस."

धनेशने चॅनेलला रीतसर अर्ज केला.



"तरी मालिकेतील माझ्या विधवा पत्नीचा पुनर्विवाह, मध्ये कुणाचीही स्मृती न घालवता, एकाच भागात उरकण्यात यावा, ही नम्र विनंती."