दहा वर्षं चार महिने

"हा पहिला पर्याय." वीरेंद्रने पेन्शनच्या फॉर्मवर पेन्सिलने गोल केला. "यात महिन्याला सात हजार. काकू आहेत तोवर. नंतर पूर्ण बारा लाख मुलांना परत. और ये दूसरा. यात नऊ हजार सातशे. पण नंतर काही नाही. बात खतम."

इंदिराबाई फॉर्म डोळ्यांजवळ धरून वाचत होत्या. विनीता आईच्या शेजारी बसली होती. अण्णांना जाऊन तीन महिने झाले होते. त्यांच्या ठेवीतले वीस लाख आता आईच्या नावावर आले होते. आठ पोस्टात ठेवून झाले, अडीअडचणीला. उरलेल्या बारांचं काय करायचं, ते ठरवायला विनीता काल धारहून देवासला आली होती. वीरेंद्र गल्लीतलाच, विम्याचं काम करणारा.

"तेही पोस्टातच ठेवले तर?" विनीताने विचारलं.

"ठेवा ना दीदी. आज तिथे व्याज जास्तच आहे, खोटं कशाला बोलू? पण पाच सालांनी दर काय असेल, कोणाला ठाऊक? इथे जो आकडा आज लिहिला, तो काकूंना शेवटपर्यंत. फक्त एकदा दिलेले पैसे मध्ये काढता येत नाहीत."

"नीलकंठ म्युच्युअल फंडात घाला म्हणत होता." विनीताने भावाचं मत सांगितलं.

"त्याला म्हटलं, मी काय आता रोज बाजार वर गेला की खाली, ते बघत बसू?" इंदिराबाईंनी फॉर्म खाली ठेवला. "वीरेंद्र, पहिलाच लिही. मुलांना मिळतील तरी. मला किती दिवस काढायचेत?"

वीरेंद्रने पेन काढलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी होती. एकाचा कागद सुटला होता.

"नावं नवी घातली काकू?" त्याने मान वाकडी करून वाचलं. "'चि. विनीताला आईकडून सप्रेम.' वा! दीदी, मोठं पातेलं तुम्हाला मिळालं."

काल दारातून आत येताच विनीताने ती भांडी पाहिली होती. भांड्यांवर नावं घालणाऱ्याला आईने मागच्या आठवड्यात ओटीवर बसवून घेतलं होतं. अर्धी भांडी तिच्या नावाची, अर्धी नीलकंठच्या. स्वतःसाठी एक लहान पातेली तेवढी ठेवली होती. त्यात सकाळी मूठभर भात शिजायचा. संध्याकाळी चूल बंद. काल विनीताने ताट वाढलं, तेव्हा आई म्हणाली होती, "माझ्या सासूबाई नव्हत्या का राहत एकवेळ जेवून? सवय होते."

"वीरेंद्र," विनीता म्हणाली, "दुसऱ्यात आपले बारा लाख वसूल व्हायला किती दिवस लागतात?"

त्याने मोबाईलवर आकडे दाबले. "दहा वर्षं चार महिने. त्यानंतर जे येईल, ते कंपनीच्या खिशातून. पण दीदी, आपल्या लोकांत हा कोणी घेत नाही. चार साल झाले, मी एकही विकला नाही. सगळ्यांना मुलांसाठी मागे ठेवायचं असतं."

"दुसरा लिही."

इंदिराबाईंनी चष्मा काढला. "वेड लागलंय का तुला? मी दोन वर्षांत गेले तर?"

"तर आमचं नुकसान होईल."

"थोडंथोडकं नाही."

"नाहीच," विनीता म्हणाली. "थोडंथोडकं नाही."

वीरेंद्र चहाच्या रिकाम्या कपात बघत राहिला.

"हे असते तर म्हणाले असते, पोरीला हिशेब येत नाही," इंदिराबाई म्हणाल्या.

"म्हणाले असते."

मग इंदिराबाई बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या. "अडुसष्ट आणि दहा, अठ्ठ्याहत्तर. आणि हे वरचे चार महिने कशाचे रे?"

"ते हिशोबात निघतात, काकू."

"आत्ताच देवीची टेकडी चढवत नाही. तोवर गुडघे राहतील का?"

"गुडघ्यांची गॅरंटी कंपनी देत नाही."

"आणि जिवंत असल्याचं दरवर्षी दाखवावं लागेल ना?"

"मीच येईन ना मोबाईल घेऊन. समोर बसायचं, चेहरा दाखवायचा, डोळे मिचकावायचे."

"मिचकावायचे? तुझ्याकडे बघून?"

"मोबाईलकडे बघून, काकू."

इंदिराबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. "दे पेन. कुठे करायची सही?"

वीरेंद्रने खोडरबरने पहिला गोल पुसला.

तो गेला तेव्हा पाच वाजून गेले होते. विनीता कप विसळत होती. मागे कागदाचा आवाज झाला, म्हणून तिने वळून पाहिलं. आईने मोठ्या पातेल्याचा कागद पूर्ण सोडवला होता. ते घेऊन ती नळापाशी आली.

"आई, ते माझं आहे."

"तुझंच आहे. पळवून नेत नाही. सरक जरा."

तिने तांदूळ काढले. दोन मुठी घेतले, ते पाहून आणखी एक मूठ घातली आणि धुतले. पातेलं गॅसवर ठेवलं, वर झाकण टाकलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"पिठलं करू?" विनीताने विचारलं.

"लसूण जास्त घाल. तुझ्या हातचं पिठलं म्हणजे नुसतं पिवळं पाणी."

विनीता लसूण सोलायला बसली. काही वेळाने झाकण थडथडू लागलं. दोघींपैकी कोणीच ते काढलं नाही. भात उतू गेला आणि पांढरी पेज विनीताच्या नावावरून ओघळत खाली आली.